मानसशास्त्राची पदवी: अभ्यास कोणत्या क्रमाने करायचा आणि कुठे चुकतं

मानसशास्त्राला प्रवेश घेतलेल्यांच्या हातून एक घोटाळा वर्षानुवर्षं होत आला आहे. पहिल्या वर्षी व्यक्तिमत्त्व, स्वप्नं, मानसिक आजार ही प्रकरणं आवडीने वाचली जातात. संशोधन पद्धती आणि सांख्यिकी ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतात. मग प्रॅक्टिकल आणि प्रकल्प समोर आले की सगळंच अडतं, कारण अहवाल लिहायला, निष्कर्ष तपासायला, शोधनिबंध वाचायला जे लागतं ते नेमकं त्या मागे टाकलेल्या पेपरांत असतं. हुशार मुलं इथे अडतात ती विषय कठीण आहे म्हणून अडत नाहीत. त्यांचा क्रम उलटा लागलेला असतो.

खाली दिलेला क्रम पाळला तर तीन वर्षांची पदवी असो की चार वर्षांची, मधलं वर्ष सुसह्य होतं. टप्पे एकमेकांवर उभे आहेत, म्हणून निदान पहिले तीन तरी जागचे हलवू नका.

## आधी तयारी: पहिल्या आठवड्यात उरकायची कामं

पूर्ण अभ्यासक्रम हाताशी घ्या. फक्त या सत्राचा नको, शेवटच्या वर्षापर्यंतचा घ्या. त्यात तीन गोष्टींवर खुणा करा: कोणत्या पेपरात आकडेमोड आहे, कोणत्या पेपराला प्रॅक्टिकल जोडलेलं आहे आणि प्रकल्पाला किती गुण आहेत. ही बेरीज बहुतेकांनी कधी केलेलीच नसते. ती केली की पाठांतरावर किती गुण आणि पद्धतीवर किती, याचा अंदाज येतो.

संगणकावर एक स्प्रेडशीट आणि एक सांख्यिकीचं सॉफ्टवेअर टाकून ठेवा. जामोवी आणि जास्प ही दोन्ही मोफत आहेत आणि पदवीच्या कामाला पुरतात. कॉलेजात वेगळं सॉफ्टवेअर शिकवत असतील तर तेही शिका, पण घरी सरावाला काहीतरी हवंच.

दोन वह्या करा. एक व्याख्यांची, दुसरी संशोधनांची. दुसऱ्या वहीत काय लिहायचं ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

सावधान: पदवी मिळाली म्हणजे समुपदेशन किंवा उपचार करता येतील, असं समजून प्रवेश घेतला असेल तर तो समज आत्ताच दूर करा. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखालचा सराव लागतो. त्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते पहिल्याच वर्षी वाचून ठेवा. पुढच्या प्रवेशाला कोणते विषय आणि किती गुण लागतात, हे शेवटच्या वर्षी कळून उपयोग नसतो.

## टप्पा १: संशोधन पद्धती सगळ्यात आधी

पाठ्यपुस्तकात ती प्रकरणं कुठेही असोत, तुम्ही तिथूनच सुरुवात करा. उद्देश एवढाच की मानसशास्त्रातलं कोणतंही विधान समोर आलं की पाच प्रश्न आपोआप मनात यावेत: काय मोजलं? कसं मोजलं? कोणावर मोजलं? कशाशी तुलना केली? याचं दुसरं कारण काय असू शकेल?

उदाहरण घ्या. ‘कमी झोपणाऱ्या विद्यार्थ्यांना कमी गुण मिळतात.’ वाचताक्षणी वाटतं, झोप कमी झाल्याने गुण घटले. पण उलटंही असू शकतं: अभ्यास जमत नाही म्हणून चिंता वाढली आणि झोप उडाली. किंवा घरातला ताण, आजार, रात्रपाळीचं काम असं तिसरंच कारण दोन्हींच्या मागे असेल. दोन गोष्टी एकत्र घडताना दिसल्या की तो सहसंबंध. कारण शोधायचं असेल तर प्रयोग हवा. प्रयोगात संशोधक एक गोष्ट मुद्दाम बदलतो (स्वतंत्र चल), दुसरी मोजतो (परतंत्र चल) आणि बाकीच्या शक्य तितक्या स्थिर ठेवतो.

इथे विद्यार्थी दोन कल्पनांची गल्लत करतात आणि ती गल्लत शेवटच्या वर्षापर्यंत टिकते. यादृच्छिक निवड आणि यादृच्छिक विभागणी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. समाजातून अभ्यासासाठी माणसं चिठ्ठ्या टाकावीत तशी निवडली तर ती निवड. तिचा फायदा असा की निष्कर्ष त्या समाजाला लागू करता येतो. आधीच हजर असलेल्या माणसांना तशाच पद्धतीने दोन गटांत वाटलं तर ती विभागणी. तिचा फायदा असा की दोन गटांत शेवटी दिसलेल्या फरकाचं कारण तुम्ही बदललेली गोष्ट आहे, असं म्हणता येतं. वर्गातल्याच चाळीस मुलांना दोन गटांत वाटलंत तर विभागणी आहे, निवड नाही. म्हणजे कारणाबद्दल बोलता येईल, ‘सर्व तरुणांबद्दल’ बोलता येणार नाही.

तपासणी: वर्तमानपत्रातली एखादी ‘संशोधन सांगतं’ छापाची बातमी घ्या. तो प्रयोग होता की सहसंबंध, आणि बातमीने कारण सांगण्याचा अधिकार कुठून आणला, हे चार ओळींत लिहा. अशा दहा बातम्या न अडखळता जमल्या की पुढे जा.

## टप्पा २: सांख्यिकी, थोडी पण रोज

सांख्यिकी एका बैठकीत होत नाही. रोज अर्धा तास मात्र पुरतो. क्रम असा ठेवा: मापनाचे प्रकार, सरासरी आणि मध्यक, प्रमाण विचलन, प्रसामान्य वितरण आणि झेड गुण, नमुन्याची प्रमाण त्रुटी, गृहीतकाची चाचणी, टी-चाचणी, सहसंबंध गुणांक, काय-वर्ग, आणि शेवटी अनोव्हा. बरेच जण प्रमाण त्रुटी ओलांडून थेट टी-चाचणीवर उडी मारतात. मग सूत्रातला छेद कुठून आला ते कधीच कळत नाही.

प्रत्येक सूत्र एकदा हाताने सोडवा. आकडे छोटे घ्या. ४, ६, ७, ८, १० घ्या. सरासरी ७. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर: उणे ३, उणे १, ०, १, ३. त्यांचे वर्ग ९, १, ०, १, ९. बेरीज २०. आता २० ला ५ ने भागलं तर ४ आणि वर्गमूळ २. पण २० ला ४ ने भागलं तर ५ आणि वर्गमूळ साधारण २.२४. सॉफ्टवेअर तुम्हाला २.२४ दाखवतं, आणि हाताने २ काढलेला विद्यार्थी गोंधळतो. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. हे पाच आकडे म्हणजेच तुमचा संपूर्ण समूह असेल तर ५ ने भागायचं. ते मोठ्या समूहातला नमुना असतील आणि त्या समूहाचा अंदाज घ्यायचा असेल तर एक कमी करून ४ ने. नमुन्यातले आकडे स्वतःच्या सरासरीच्या जवळ असतातच, त्यामुळे ५ ने भागलं तर विखुरणं खऱ्यापेक्षा कमी दिसतं. हे एकदा हाताने पाहिलं की ‘एन वजा एक’ पाठ करावं लागत नाही.

आता पी मूल्य. सगळ्यात जास्त चुकीची वाक्यं याच्याच नावावर लिहिली जातात. पी ०.०५ पेक्षा कमी आलं म्हणजे ‘माझं गृहीतक बरोबर असण्याची शक्यता ९५ टक्के’ असा अर्थ होत नाही. अर्थ इतकाच: प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी आहे. फरक किती मोठा आहे हे पी सांगत नाही. त्यासाठी परिणामाचा आकार बघावा लागतो. कोहेनचा डी (दोन गटांच्या सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या किती पट आहे, तो आकडा) ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा, हे ढोबळ मोजमाप पदवीला पुरेसं आहे. सहसंबंध ०.३० आला तर त्याचा वर्ग करा: ०.०९. म्हणजे एका गोष्टीतल्या चढउतारांपैकी फक्त नऊ टक्क्यांचा दुसरीशी मेळ आहे. ‘घट्ट संबंध आढळला’ असं लिहिण्याआधी हा वर्ग जरूर करा.

सावधान: सॉफ्टवेअरवर बटण दाबण्याआधी उत्तर साधारण किती यायला हवं, याचा अंदाज कागदावर लिहा. एक ते पाच गुणांच्या प्रश्नावलीची सरासरी ७.३ आली आणि ती तशीच अहवालात गेली, असं घडतं. कुठेतरी ५ च्या जागी ५५ टंकलेलं असतं.

## टप्पा ३: शोधनिबंध वाचायला शिकणं

पाठ्यपुस्तक संशोधनाचा सारांश सांगतं, आणि सारांशात पद्धत गळून पडते. म्हणून आठवड्याला निदान एक मूळ शोधनिबंध वाचा. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचू नका, दमछाक होते. आधी सारांश. मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, कारण गृहीतकं बहुधा तिथे असतात. मग पद्धत, सावकाश. मग तक्ते आणि आलेख. तक्ते पाहून स्वतःचा निष्कर्ष दोन ओळींत लिहा, आणि त्यानंतरच लेखकांची चर्चा वाचा. तुमच्या दोन ओळी आणि त्यांचं म्हणणं यांत जिथे फरक पडेल, तिथे थांबून विचार करा. खरं शिकणं तिथे होतं.

लॉफ्टस आणि पामर यांचा स्मृतीवरचा १९७४चा अभ्यास नमुन्यादाखल घेऊ, कारण तो लहान आहे आणि प्रत्येक पुस्तकात असतो. पहिल्या प्रयोगात ४५ विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या सात चित्रफिती दाखवल्या. नंतर विचारलं, गाड्या एकमेकींना ... तेव्हा त्यांचा वेग किती होता? रिकाम्या जागी प्रत्येक गटाला वेगळं क्रियापद. ‘चक्काचूर होऊन आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा अंदाजाची सरासरी ताशी ४० मैलांहून थोडी जास्त, आणि ‘संपर्क झाला’ अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला तेव्हा ३१.८ मैल.

पाठ्यपुस्तक बहुधा इथे ‘शब्दाने स्मृती बदलली’ म्हणून पुढे जातं. पण पहिल्या टप्प्यातला पाचवा प्रश्न विचारा: दुसरं कारण काय असू शकेल? माणसाला वेग नीट आठवत नसेल आणि प्रश्नातल्या जोरदार शब्दाला धरून त्याने मोठा आकडा सांगितला असेल. म्हणजे उत्तर बदललं, आठवण जशीच्या तशी राहिली. ही शंका लेखकांनाही होती, म्हणून दुसरा प्रयोग केला. त्यात १५० जण होते. आठवड्याने त्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिली का? चित्रफितीत काच नव्हतीच. जोरदार क्रियापद वाचलेल्या ५० पैकी १६ जणांनी ‘हो’ सांगितलं, साध्या क्रियापदाच्या गटात ५० पैकी ७ जणांनी, आणि वेगाचा प्रश्न न विचारलेल्या गटात ५० पैकी ६ जणांनी. दोन प्रयोग का लागले हे ज्याला सांगता येतं, त्याचं उत्तर शंभर उत्तरपत्रिकांत उठून दिसतं. आणि एक गोष्ट नजरेतून सुटू नये: जोरदार शब्द वाचूनही ५० पैकी ३४ जणांनी काच पाहिल्याचं सांगितलं नाही.

संशोधनांच्या वहीत प्रत्येक अभ्यासाला एकच पान द्या. त्यावर प्रश्न, सहभागी, काय बदललं, काय मोजलं, मुख्य आकडे, पर्यायी स्पष्टीकरण आणि नंतर कोणी हा अभ्यास पुन्हा करून पाहिला का, एवढंच.

शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सामूहिक प्रयत्नात मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा केले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थ निकाल (म्हणजे पी ०.०५ पेक्षा कमी) होता, पुन्हा केल्यावर तो सुमारे ३६ टक्क्यांत आला. याचा अर्थ विषय खोटा आहे असा काढू नका. एकट्या अभ्यासावर भार टाकायचा नाही, हा त्याचा अर्थ. १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंग-प्रयोग, ज्यात विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी केलं होतं, अजूनही ‘भूमिका माणसाला बदलते’ याचा पुरावा म्हणून उत्तरांत येतो. पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या, ही टीका त्यासोबत लिहिली नाही तर उत्तर जुनं वाटतं. मिलग्रामच्या आज्ञापालनाच्या प्रयोगाचंही तसंच. त्यात सहभागींना संशोधकाच्या आज्ञेवरून समोरच्याला विजेचे धक्के (प्रत्यक्षात खोटे) द्यायचे होते. ४० पैकी २६ जण, म्हणजे ६५ टक्के, शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले, हे सगळ्यांना पाठ असतं. पण समोरच्याचा हात स्वतः धरून धक्क्याच्या पट्टीवर ठेवायचा होता, त्या प्रकारात हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. परिस्थितीतला कोणता बदल आज्ञापालन वाढवतो किंवा घटवतो, हा त्या संशोधनाचा गाभा. ६५ टक्के हा एकच आकडा लिहिला की तो गाभाच सुटतो.

## टप्पा ४: सिद्धांत आणि व्याख्या लक्षात ठेवणं

आता पाठांतराकडे. पुन्हापुन्हा वाचणं आणि रंगीत पेनाने ओळी रंगवणं यावर विद्यार्थ्यांचा बहुतेक वेळ जातो. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसरा न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिलेला उतारा पुढे गेला, ५६ टक्के विरुद्ध ४२. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, आठवेल ते लिहा, आणि मगच पुस्तक उघडून चुका लाल शाईने दुरुस्त करा. हीच क्रिया दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने करा.

‘मी दृश्य पद्धतीने शिकणारा’ वगैरे प्रकारांत स्वतःला बसवून अभ्यासाची पद्धत ठरवू नका. शिकण्याच्या शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं या विषयावरच्या २००८च्या आढाव्यात दिसून आलं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी ही कल्पना पुढे नेऊ नये.

गोंधळात टाकणाऱ्या जोड्या एकत्र शिका. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांची अदलाबदल जवळजवळ प्रत्येक वर्गात होते. गाडीत पट्टा लावला की कर्कश आवाज थांबतो, म्हणून पुढच्या वेळी पट्टा लावण्याचं वर्तन वाढतं. इथे नकोशी गोष्ट काढून घेतली आणि वर्तन वाढलं, म्हणून हे ऋण प्रबलन. शिक्षेने वर्तन घटतं. आधी एकच प्रश्न विचारायचा: वर्तन वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. धन की ऋण हे त्यानंतर ठरतं, काही दिलं की काढून घेतलं यावरून. याच पद्धतीने विश्वसनीयता (मापन दर वेळी सारखं येतं का) आणि वैधता (मोजायचं तेच मोजलं जातं का), पूर्वलक्षी (नवं शिकलेलं जुन्याच्या आड येतं) आणि अग्रलक्षी (जुनं नव्याच्या आड येतं) व्यत्यय या जोड्या सोडवा. प्रत्येकीसाठी स्वतःचं एक उदाहरण बनवा. पुस्तकातलं उदाहरण वापरलंत तर समजलं की नुसतं आठवलं, हे तुमचं तुम्हालाही कळत नाही.

तपासणी: मानसशास्त्र न शिकलेल्या माणसाला एक संकल्पना दोन मिनिटांत सांगा. त्याने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता आलं तर संकल्पना तुमची झाली.

## टप्पा ५: प्रॅक्टिकल आणि अहवाल

स्ट्रूपचा प्रयोग घ्या, १९३५ पासून तो होत आला आहे. एका यादीत रंगाचे नुसते ठिपके, दुसरीत रंगांची नावं पण भलत्याच शाईत, म्हणजे ‘लाल’ हा शब्द निळ्या रंगात. दोन्हींत शाईचा रंग सांगायचा आणि लागलेला वेळ मोजायचा. सोपं दिसतं, आणि म्हणूनच घिसाडघाई होते.

सहभागी येण्याआधी याद्या, स्टॉपवॉच, नोंदीचा कागद आणि सूचनांचा छापील मजकूर टेबलावर हवा. सूचना वाचूनच दाखवा, तोंडी सांगाल तर प्रत्येकाला वेगळ्या सांगाल. लेखी संमती घ्या, कधीही थांबता येईल हे सांगा. रंग नीट ओळखता येतात ना, हे विचारा. मग सरावाच्या पाच-सहा नगांनी सुरुवात करा. अर्ध्या सहभागींना ठिपक्यांची यादी आधी द्या, अर्ध्यांना शब्दांची. सगळ्यांना एकाच क्रमाने दिलीत तर सराव किंवा थकवा निकालात मिसळतो आणि तो पुढे कुठल्याही गणिताने वेगळा काढता येत नाही.

सावधान: ‘शब्दांच्या यादीला जास्त वेळ लागतो का ते बघतोय’ असं आधी सांगू नका. प्रयोग संपल्यावर मात्र उद्देश नीट समजावून सांगणं तुमचं कर्तव्य आहे. आणि आकडे मूळ कागदावरच लिहा. ‘नंतर स्वच्छ करू’ म्हणून उतरवताना आकडे बदलतात, कधी नकळत, कधी अपेक्षित उत्तराच्या दिशेने.

अहवाल लिहिताना पानांच्या क्रमाने लिहू नका. ‘पद्धत’ हा भाग त्याच दिवशी लिहा, तपशील ताजे असतात. मग निकाल, मग प्रस्तावना, मग चर्चा, आणि सारांश सगळ्यात शेवटी. पद्धत इतकी स्पष्ट हवी की न विचारता दुसऱ्याला तोच प्रयोग करता यावा. आलेखाच्या दोन्ही अक्षांना नाव आणि एकक द्या. चर्चेत ‘सिद्ध झालं’ हा शब्द येऊ देऊ नका, ‘गृहीतकाला पुष्टी मिळाली’ एवढंच म्हणता येतं. एकाच सहभागीवर प्रयोग केला असेल तर निष्कर्षही त्या एका व्यक्तीपुरताच.

मानसशास्त्रीय चाचण्या हाताळताना आणखी जपा. मैत्रिणीची चिंतेची चाचणी घेऊन ‘तुझा स्कोअर जास्त आलाय’ एवढं बोलून निघून जाणं हा खरा त्रास आहे, तो तिला दिवसेंदिवस छळतो. प्रशिक्षणाशिवाय निकालाचा अर्थ सांगायचा नाही, आणि चाचणीचे प्रश्न कुठेही टाकायचे नाहीत.

## टप्पा ६: मानसिक विकारांचा पेपर

या पेपराला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला वाचता वाचता आपल्यातच काहीतरी सापडतं. हे नेहमीचं आहे. बहुतेक वेळा त्याचं कारण असं की लक्षणांची यादी वाचली जाते आणि निकष वाचले जात नाहीत. डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) च्या निकषांप्रमाणे मोठ्या नैराश्याच्या निदानाला नऊपैकी निदान पाच लक्षणं, तीही एकाच दोन आठवड्यांच्या काळात, त्यात उदास मनःस्थिती किंवा रस नाहीसा होणं यांपैकी एक असायलाच हवं, शिवाय त्यामुळे लक्षणीय त्रास किंवा दैनंदिन कामात अडथळा हवा, आणि एखादा पदार्थ किंवा शारीरिक आजार हे कारण नसावं. म्हणून प्रत्येक विकाराची टिपणं चार रकान्यांत काढा: लक्षणं, कालावधी, कामावरचा परिणाम, काय वगळायचं. उत्तरपत्रिकेत गुण दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यावरच जातात.

घरच्यांवर, मित्रांवर निदानं चिकटवू नका. आणि त्रास खरोखरच तुमचा असेल, दिवस ढकलणं जड जात असेल, तर पुस्तकात उत्तर शोधत बसू नका, तज्ज्ञाकडे जा. हे अभ्यासाच्या आधीचं काम आहे.

## टप्पा ७: शेवटच्या वर्षाचा प्रकल्प

विषय निवडताना ‘समाजमाध्यमांचा तरुणांवरील परिणाम’ असं अवाढव्य काही घेऊ नका. दोन मोजता येणाऱ्या गोष्टी आणि एक स्पष्ट प्रश्न, बस. ‘परिणाम’ हा शब्द प्रयोग असेल तरच शीर्षकात घाला. प्रश्नावलीने दोन गोष्टी मोजल्या असतील तर तो संबंध आहे.

नमुना किती हवा हे आधी ठरवा. दोन गटांत मध्यम आकाराचा फरक, डी ०.५, ८० टक्के खात्रीने पकडायचा तर नेहमीच्या ०.०५ पातळीला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक लहान, ०.२ असेल तर प्रत्येक गटात ३९० हून जास्त. पंधरा-पंधरा जणांवर काम करून ‘फरक आढळला नाही’ असं लिहिणारे प्रकल्प ढिगाने येतात. तिथे फरक नव्हता की दिसण्याइतकी माणसंच नव्हती, हे कोणालाच सांगता येत नाही.

पुढचा क्रम मोडू नका. मार्गदर्शकांची संमती, नैतिक मंजुरी, विश्लेषणाचा आराखडा लेखी, तीन-चार जणांवर चाचपणी, आणि त्यानंतर माहिती गोळा करणं. मंजुरीआधी गोळा केलेली माहिती बाद होऊ शकते. आराखडा आधी लिहिला नाही तर आकडे हातात आल्यावर एकामागून एक चाचण्या करून ‘काहीतरी सार्थ’ शोधण्याचा मोह होतो. वीस निरर्थक चाचण्या केल्या तर ०.०५ पातळीला एखादी योगायोगानेच सार्थ निघेल, हे विसरू नका. गृहीतकाला पुष्टी न मिळणं हे अपयश नाही. ते प्रामाणिकपणे आणि नीट मांडलेला प्रकल्प चांगलाच असतो.

नमुना फक्त ओळखीच्या विद्यार्थ्यांचा असेल तर तसं लिहा. संशोधनात बराच काळ पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन समाजांतल्या लोकांवरूनच ‘माणूस असा वागतो’ म्हटलं जात होतं, यावर २०१०मध्ये हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी बोट ठेवलं. तुमच्या पन्नास वर्गमित्रांना तीच मर्यादा लागू आहे.

माहिती आली की मूळ फाइल तशीच बाजूला ठेवा आणि प्रतीवर काम करा. नावं, फोन नंबर काढून प्रत्येकाला क्रमांक द्या. आता ती चूक, जिने चांगले प्रकल्प बुडतात: उलट गुणांकनाचे प्रश्न. आत्मसन्मानाच्या प्रश्नावलीत ‘मी समाधानी आहे’ आणि ‘मी कुचकामी आहे असं वाटतं’ अशी दोन्ही प्रकारची विधानं असतात. एक ते पाचच्या मापनात दुसऱ्या प्रकाराचे गुण सहामधून वजा करून घ्यावे लागतात, ५ चा १, ४ चा २. ते राहून गेलं की बेरजेत गुण एकमेकांना खाऊन टाकतात, विश्वसनीयतेचा अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा) अगदी खाली येतो किंवा चक्क ऋण येतो, आणि विद्यार्थी प्रश्नावलीलाच दोष देऊन मोकळा होतो. अल्फा कमी दिसला की सगळ्यात आधी इथे बघा.

अहवाल बांधायला देण्याआधीची तपासणी: सहभागींची संख्या सारांशात, पद्धतीत आणि प्रत्येक तक्त्यात सारखी आहे का? कोणाला वगळलं असेल तर किती जणांना आणि का, ते लिहिलं आहे का? मजकुरातला प्रत्येक आकडा सॉफ्टवेअरच्या निकालाशी बोट ठेवून जुळवला का? मजकुरात उल्लेख केलेला प्रत्येक संदर्भ शेवटच्या यादीत आहे का? तोंडी परीक्षेत बहुधा पहिला प्रश्न ‘हीच चाचणी का वापरली?’ असा येतो. त्याचं उत्तर तुमच्या आराखड्याच्या कागदावर, माहिती गोळा करण्याआधीच्या तारखेसह, लिहिलेलं हवं. तो कागद परीक्षेला सोबत न्या.